आकाशवाणीच्या घरातील दूरदर्शन : माध्यमामागची माणसे

भारतातील दूरचित्रवाणीचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला प्रारंभीच एक विचित्र अडचण येते. ज्या माध्यमाचे सारे सामर्थ्य चित्रात आहे, त्याच्या पहिल्या दीड-दोन दशकांची चित्रेच फारशी शिल्लक नाहीत. सुरुवातीचे कार्यक्रम बहुतांशी थेट सादर होत. कॅमेऱ्यासमोर घडले आणि हवेत विरले. पुढे ध्वनिचित्रफीत आली तरी ती परदेशातून आणावी लागे व महाग असे. त्यामुळे एक कार्यक्रम प्रसारित झाला की त्याच फितीवर दुसरा मुद्रित करण्याचा प्रघात पडला. काटकसरीचा नियम म्हणून हे योग्यच होते. परंतु त्या काटकसरीने एका संस्थेचे बालपण पुसले गेले. परिणामी हा इतिहास आज दोन ठिकाणीच शोधावा लागतो : सरकारी समित्यांच्या अहवालांत आणि त्या काळी काम केलेल्या माणसांच्या आठवणींत. अहवाल ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. माणसांचे मात्र तसे नाही.

या माणसांकडे पाहू लागलो की लक्षात येते, ती जवळजवळ सारी रेडिओची माणसे होती. हा योगायोग नव्हता. १५ सप्टेंबर १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण सुरू झाले. त्या दिवसापासून ३१ मार्च १९७६ पर्यंत, म्हणजे साडेसोळा वर्षे, दूरचित्रवाणी ही स्वतंत्र संस्था नव्हतीच. ती आकाशवाणीची एक शाखा होती. तिचा स्टुडिओ आकाशवाणी भवनातच होता, तिचा अर्थसंकल्प आकाशवाणीच्या अर्थसंकल्पात होता आणि तिचे अधिकारी आकाशवाणीच्या सेवाज्येष्ठतेच्या यादीत होते. प्रशासनाच्या अभ्यासकाने याकडे मुद्दाम लक्ष द्यावे असे मला वाटते. नवी संस्था जुन्या संस्थेच्या घरात वाढते तेव्हा तिला तयार माणसे मिळतात, शिस्त मिळते. पण त्याचबरोबर दुसऱ्याच कामासाठी केलेले नियमही वारशाने मिळतात. दूरदर्शनच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडल्या.

एक अधिकारी, एक मंत्री आणि काही लेखक

१९५९ साली आकाशवाणीचे महासंचालक होते जगदीशचंद्र माथुर. ते भारतीय नागरी सेवेतील, म्हणजे जुन्या आय.सी.एस.मधील अधिकारी आणि हिंदीतील मान्यवर नाटककार. 'कोणार्क' हे त्यांचे नाटक प्रसिद्ध आहे. त्यांच्या वरचे मंत्री होते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, मूळचे पुण्याचे. केसकरांचे नाव आज बहुधा एकाच कारणासाठी घेतले जाते : त्यांनी आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते हद्दपार केली व श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तो निर्णय टीकेस पात्रच आहे. पण केसकर-माथुर यांच्याच काळात आकाशवाणीने भाषाभाषांतील लेखकांना व कलावंतांना निर्माते म्हणून आपल्याकडे आणले, ही गोष्टही त्याच पानावर लिहिली पाहिजे. हिंदीत सुमित्रानंदन पंत आले. मराठीत पु. ल. देशपांडे, बा. भ. बोरकर, व्यंकटेश माडगूळकर, मंगेश पाडगावकर ही मंडळी आकाशवाणीशी जोडली गेली. माडगूळकरांनी तर पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत दीर्घकाळ सेवा केली.

या लेखकांपैकी पु. ल. देशपांडे यांचा दूरचित्रवाणीशी थेट संबंध आला. नव्या माध्यमाच्या शिक्षणासाठी त्यांना लंडनला बी.बी.सी.कडे पाठविण्यात आले आणि परतल्यावर दिल्लीतील प्रारंभीच्या दूरचित्रवाणीत त्यांनी निर्माता म्हणून काम केले. पंडित नेहरूंची भारतीय दूरचित्रवाणीवरील पहिली मुलाखत त्यांनी घेतली, असा उल्लेख त्यांच्या चरित्रात नेहमी येतो. मराठी वाचकाला त्या इंग्लंडच्या प्रवासातून 'अपूर्वाई' मिळाली. त्या प्रवासामागे सरकारी प्रशिक्षणाचा एक आदेश होता, याची आठवण मात्र क्वचितच ठेवली जाते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने दिल्लीच्या संसद मार्गावरून जाताना आकाशवाणी भवनाकडे या नजरेने एकदा पाहावे.

आरंभीची साधने अगदी तुटपुंजी होती. युनेस्कोकडून २० हजार डॉलरचे अनुदान आणि फिलिप्स कंपनीचे १८० संच मिळाले होते. प्रक्षेपणाचा पल्ला दिल्ली व आसपासचा परिसर एवढाच. कार्यक्रम आठवड्यातून दोन वेळा. संच घरोघरी नव्हते. ते सामुदायिक केंद्रांत ठेवलेले असत व लोक एकत्र बसून पाहत, मग चर्चा करीत. १९६१ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने दिल्लीतील शाळांसाठी दूरचित्रवाणी पाठ सुरू झाले. दैनंदिन प्रसारणासाठी मात्र १५ ऑगस्ट १९६५ उजाडावे लागले. त्या वर्षी प्रतिमा पुरी यांनी पाच मिनिटांचे बातमीपत्र वाचले आणि भारतीय दूरचित्रवाणीला पहिला परिचित चेहरा मिळाला.

पुणे जिल्ह्यातून दिल्लीच्या खेड्यांकडे

लोकांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, मग त्यावर चर्चा करावी आणि आपले प्रश्न केंद्राला कळवावेत, ही कल्पना दूरचित्रवाणीबरोबर आलेली नव्हती. ती रेडिओने आधीच पारखून घेतली होती, आणि तीही महाराष्ट्रात. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकी मंडळांचा प्रसिद्ध प्रयोग झाला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी भाषक जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावे निवडण्यात आली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम झाले. गावातील मंडळाने कार्यक्रम ऐकायचा, चर्चा करायची, शंका लिहून पाठवायच्या आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमात मिळवायची, अशी रचना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी त्याचे मूल्यमापन केले. प्रयोगावरील पुस्तक माथुर आणि न्यूराथ यांनी मिळून लिहिले व ते १९५९ मध्ये युनेस्कोने प्रसिद्ध केले. महासंचालकाने स्वतःच्या खात्याच्या प्रयोगाची छाननी एका बाहेरच्या समाजशास्त्रज्ञाकडून करून घ्यावी आणि त्याच्याबरोबर बसून ती लिहून काढावी, ही गोष्ट आजच्या अधिकाऱ्यांनाही अनुकरणीय वाटावी.

२६ जानेवारी १९६७ रोजी सुरू झालेल्या 'कृषिदर्शन'चे मूळ या प्रयोगात आहे. दिल्लीभोवतालच्या ८० गावांत सामुदायिक संच बसवून शेतीविषयक कार्यक्रम दाखविण्याची ही योजना होती. तिच्यामागे डॉ. विक्रम साराभाई यांचा आग्रह होता, आणि अणुऊर्जा विभाग, भारतीय कृषी संशोधन संस्था, दिल्ली प्रशासन व आकाशवाणी यांना तिच्यासाठी एकत्र यावे लागले. चार वेगळ्या यंत्रणा, चार वेगळी नियमपुस्तके! तरीही योजना उभी राहिली, कारण प्रत्येकीच्या वाट्याचे काम नेमके होते : एकीने संच सांभाळायचे, दुसरीने शास्त्रीय मजकूर द्यायचा, तिसरीने गाव गोळा करायचे आणि आकाशवाणीने कार्यक्रम करायचा. साराभाईंना यातून हवे होते ते पुढच्या मोठ्या प्रयोगासाठी प्रमाण. १९६९ मध्ये अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा यांच्यात करार झाला. डिसेंबर १९७१ मध्ये साराभाईंचे निधन झाले, पण काम थांबले नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात 'साइट' या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग पार पडला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या तबकड्या उभारून, एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहावरून कार्यक्रम उतरविले गेले. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक होते प्रा. यशपाल आणि 'साइट'च्या कार्यक्रमाची धुरा होती कोल्हापूरच्या एकनाथ वसंत चिटणीस यांच्याकडे.

शास्त्रज्ञांचे हे श्रेय सर्वज्ञात आहे. मात्र त्या खेड्यांत रोज जे दिसे, त्यातील बराचसा भाग दिल्ली, कटक व हैदराबाद येथील निर्मिती केंद्रांत आकाशवाणीच्या पठडीत वाढलेली माणसे तयार करीत होती. एकच चित्र आणि दोन भाषांतील ध्वनी, अशी सोय उपग्रहावर होती. म्हणजे चित्राचे भाग्य अखेर निवेदकाच्या आवाजावर अवलंबून होते. अहमदाबादेजवळच्या खेडा जिल्ह्यात पीज येथील लहान प्रक्षेपकावरून याच सुमारास आणखी एक प्रयोग झाला. तेथे गावकऱ्यांच्या बोलीत, त्यांच्याच प्रश्नांवर कार्यक्रम झाले. सावकारी, अस्पृश्यता, मजुरी असे अडचणीचे विषयही टाळले गेले नाहीत. खेड्याच्या या प्रयोगाला युनेस्कोचे ग्रामीण संपर्कासाठीचे पारितोषिक मिळाले. देशभर त्याची पुनरावृत्ती मात्र झाली नाही.

नियम रेडिओचे, काम दूरचित्रवाणीचे

आता त्या वारशाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. रेडिओवरील भाषण किंवा चर्चा ध्वनिमुद्रित करायला मोजकी माणसे पुरतात. दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत कॅमेरा चालवणारा, प्रकाशयोजना करणारा, नेपथ्य रचणारा, रंगभूषा करणारा, फिल्म कापून जोडणारा आणि निर्मात्याचा इशारा कलावंतापर्यंत पोहोचवणारा फ्लोअर मॅनेजर, असा मोठा ताफा लागतो. आकाशवाणीच्या पदरचनेत ही पदे नव्हती. नवी पदे निर्माण करायची तर वेतनश्रेणी, भरती नियम, वित्त विभागाची संमती, लोकसेवा आयोगाशी पत्रव्यवहार अशी दीर्घ वाट. त्याऐवजी आकाशवाणीत आधीच असलेला एक मार्ग वापरला गेला : 'स्टाफ आर्टिस्ट'. गायक, वादक, निवेदक यांच्यासाठी केलेली ही व्यवस्था होती. स्टाफ आर्टिस्टला वेतन नव्हे तर 'फी' मिळे. नेमणूक करारावर असे आणि करार मुदतीने वाढवावा लागे. तंबोरा जुळवणाऱ्या कलावंतासाठी केलेला नियम कॅमेऱ्यामागील तंत्रज्ञालाही लावला गेला.

यातून निघालेले प्रश्न न्यायालयात सुटले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की आकाशवाणीतील स्टाफ आर्टिस्ट हे नागरी पदच धारण करतात व त्यांना संविधानाचे संरक्षण आहे. १९८८ मध्ये दूरदर्शनच्या स्टाफ आर्टिस्टांच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने त्यांचे काम फिल्म्स डिव्हिजनमधील समकक्षांसारखेच असल्याचे मानून समान वेतनाचे तत्त्व लागू केले. तोवर दूरचित्रवाणी सुरू होऊन एकोणतीस वर्षे झाली होती. ज्यांच्या हातांनी हे माध्यम उभे राहिले, त्यांच्यापैकी कित्येकांनी आपल्या कामाची उमेदीची वर्षे 'आपण सरकारी नोकर आहोत की नाही?' या प्रश्नात काढली. समित्यांच्या अहवालांत हे वाक्य सापडत नाही. ते निकालपत्रांतून वाचून घ्यावे लागते.

प्रशिक्षणाच्या बाबतीत चित्र काहीसे बरे होते. दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण दिल्लीत सुरू झाले आणि १९७४ मध्ये ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात गेले. त्या संस्थेच्या नावात 'टेलिव्हिजन' हा शब्द आला तो यामुळे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा तेरा वर्षांत प्रथमच दूरचित्रवाणी दिल्लीबाहेर पडली. पाठोपाठ श्रीनगर, अमृतसर, कोलकाता, चेन्नई, लखनौ ही केंद्रे आली. मुंबई केंद्राने रेडिओच्या व नाट्यसृष्टीच्या माणसांना हाताशी धरून 'आमची माती आमची माणसं', 'गजरा' यांसारखे कार्यक्रम दिले. पुढे समांतर चित्रपटांत नाव कमावलेल्या स्मिता पाटील यांचा चेहरा महाराष्ट्राला प्रथम दिसला तो याच केंद्राच्या बातम्यांत.

अर्धी अंमलबजावणी

दूरचित्रवाणी रेडिओपासून वेगळी करावी, ही शिफारस भारताचे माजी नियंत्रक व महालेखापाल अशोक चंदा यांच्या समितीने १९६६ मध्येच केली होती. पण ती दोन पायांची शिफारस होती. रेडिओ आणि दूरचित्रवाणी वेगळ्या कराव्यात, आणि दोन्ही सरकारी खात्यातून काढून स्वायत्त महामंडळांकडे द्याव्यात, असे समितीचे म्हणणे होते. १ एप्रिल १९७६ रोजी 'दूरदर्शन' स्वतंत्र झाले, तेव्हा पहिला भाग अमलात आला, दुसरा राहिला. तारीखही ध्यानात घ्यावी. देशात आणीबाणी होती. खात्याचे दोन भाग झाले, दोन महासंचालक झाले, परंतु दोघेही एकाच मंत्रालयाला उत्तरदायी राहिले. दूरदर्शनचे पहिले महासंचालक झाले पी. व्ही. कृष्णमूर्ती. तेही आकाशवाणीतच घडलेले व संगीताचे जाणकार.

आणीबाणीनंतर प्रसारमाध्यमांच्या दुरुपयोगावर श्वेतपत्रिका निघाली. बी. जी. वर्गीस यांच्या कार्यगटाने १९७८ मध्ये 'आकाश भारती' नावाच्या स्वायत्त न्यासाची योजना मांडली. डॉ. पी. सी. जोशी यांच्या समितीने दूरचित्रवाणीला भारतीय व्यक्तिमत्त्व कसे मिळेल याचा विचार केला. १९९० मध्ये संसदेने प्रसार भारतीचा कायदा केला. तो अमलात यायला १९९७ साल उजाडले. मधल्या काळात, १९९५ मध्ये, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते. प्रसार भारतीचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी झाले एस. एस. गिल. हेच गिल माहिती व प्रसारण सचिव असताना १९८४ मध्ये 'हम लोग' ही मालिका सुरू झाली होती. मेक्सिकोत मालिकांतून समाजशिक्षण कसे घडवले गेले, याचा अभ्यास त्यामागे होता, आणि त्याआधीचे मंत्री वसंत साठे यांनी रंगीत दूरचित्रवाणीचा आग्रह धरून पायवाट तयार केली होती. कर्मचाऱ्यांचा प्रश्न मात्र महामंडळ स्थापन झाल्यावरही लोंबकळतच राहिला. सरकारी नोकर महामंडळात गेले की कोणाचे? त्याचे उत्तर कायद्यात दुरुस्ती करून २०११ मध्ये मिळाले : ५ ऑक्टोबर २००७ पूर्वी भरती झालेले कर्मचारी सरकारी नोकरच राहतील व निवृत्तीपर्यंत प्रसार भारतीत प्रतिनियुक्तीवर मानले जातील. आजोबांच्या घरात जन्मलेल्या मुलाचे आडनाव ठरायला अर्धशतक लागले, असेच म्हणावे लागेल.

इतिहास कोणी सांगावा?

दूरदर्शनच्या प्रारंभकाळाविषयी आज जे विश्वसनीय लिखाण उपलब्ध आहे, त्यातील मोठा भाग पुन्हा रेडिओच्या माणसांनीच लिहिला आहे. आकाशवाणीच्या उपमहासंचालक राहिलेल्या मेहरा मसानी यांचे पुस्तक १९७६ चे, एच. आर. लूथरा यांचे १९८६ चे, माजी महासंचालक पी. सी. चटर्जी यांचे १९८७ चे. दूरदर्शनचे महासंचालक राहिलेले भारतीय प्रशासन सेवेतील भास्कर घोष यांच्या आठवणी २००५ मध्ये आल्या. ही सारी पुस्तके मोलाची आहेत. पण ती वरच्या खुर्चीवरून लिहिलेली आहेत, आणि ती इंग्रजीत आहेत. फ्लोअर मॅनेजर, प्रकाशयोजनाकार, खेड्यात जाऊन संच दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, 'कृषिदर्शन'साठी शेतकऱ्यांना बोलते करणारा निवेदक, करार वाढण्याची वाट पाहणारी रंगभूषाकार, यांनी पुस्तके लिहिली नाहीत. त्यांच्याजवळ आहे ती सांगण्याची हातोटी. आणि आज त्यांची वये लक्षात घेतली तर वेळ फार थोडा आहे. १९५९ मध्ये पंचविशीत असलेला माणूस आज नव्वदी ओलांडून गेलेला असणार.

म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. चित्रे पुसली गेली असतील, तर आवाज तरी जपावा. आकाशवाणीच्या प्रत्येक मोठ्या केंद्राने आपल्या भागातील दूरदर्शनच्या पहिल्या पिढीच्या सेवानिवृत्तांशी गप्पांची एक मालिका करावी. तिला खर्च जवळजवळ नाही : एक स्टुडिओ, एक जाणकार मुलाखतकार आणि सेवापुस्तकांवरून काढलेली नावांची यादी. मुलाखत केवळ माजी महासंचालकांची नसावी; वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांचीही असावी. प्रश्न कौतुकाचे नसावेत, कामाचे असावेत : कॅमेरा बंद पडला की काय करीत होतात, फीत पुसण्याचा निर्णय कोण घेई, करार संपल्यावर घर कसे चालले? मुद्रण प्रसारित करून संपवू नये. आकाशवाणीचा ध्वनिसंग्रह देशात अग्रगण्य आहे. त्यात क्रमांक देऊन, तारखेसह ते ठेवावे आणि अभ्यासकांना खुले करावे.

यासाठी नवा कायदा नको, नवी समिती नको, नवे पदही नको. केंद्र संचालकाच्या विद्यमान अधिकारांत हे बसते. बंगळूर, भोपाळ, हैदराबाद, दिल्ली येथे स्थायिक झालेल्या मराठी वाचकांपैकी कोणाच्या घरात, शेजारात वा सोसायटीत या पिढीचे कोणी असेल, तर त्यांनी सरकारी परिपत्रकाची वाट न पाहता स्वतःच त्यांना बोलते करावे. भ्रमणध्वनीवर केलेले मुद्रणही चालेल. फक्त सांगणाऱ्याची संमती घ्यावी, आणि नाव, पद, केंद्र व वर्ष यांची नोंद मुद्रणाच्या आरंभीच बोलून ठेवावी; नोंद नसलेला आवाज संग्रहात ठेवला तरी पुढे कोणाचा ते ओळखता येत नाही.